जुना प्रोग्राम मोडता कामा नये

(वडोदरा येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

ज्या शहरात १८९० साली कलाभवन सुरू झाले आणि देशी भाषेतून तंत्रशिक्षण देण्याचा प्रयोग सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने झाला, त्या शहरात कम्पायलरविषयी, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्रभाषेत नेणाऱ्या प्रोग्रामविषयी, मराठीतून बोलायला संकोच वाटण्याचे कारण नाही. विषय मात्र थोडा आडवाटेचा आहे. कम्पायलर कसा लिहावा हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते, परीक्षेत पार्सरचे तक्ते काढायला लावले जातात, आणि तिथे तो विषय संपतो. लिहून झालेला, जगभर रोज वापरात असलेला कम्पायलर पुढे वर्षानुवर्षे कोण सांभाळतो, त्यात सुधारणा कशा होतात आणि त्या करताना कोणत्या अडचणी येतात, हे अभ्यासक्रमात नसते. आज मी तेवढ्यापुरतेच बोलणार आहे, आणि उदाहरणे बहुतेक जीसीसी या कम्पायलरची देणार आहे, कारण इतका जुना आणि इतका खुला कारभार असलेला दुसरा कम्पायलर सापडणे अवघड आहे.

जीसीसी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रथम लोकांच्या हाती दिला, तेव्हा तो फक्त सी भाषेचा कम्पायलर होता. पुढे त्यात सी++, फोर्ट्रान, एडा अशा भाषा आल्या. २००५ च्या ४.० आवृत्तीत प्रोग्रामचे आतले रूप मांडण्याची पद्धतच बदलली, आणि २०१३ च्या ४.८ आवृत्तीपासून खुद्द जीसीसी बांधायलाही सी++ चा कम्पायलर लागू लागला. आत एवढी उलथापालथ झाली, तरी मकरपुऱ्याच्या एखाद्या कारखान्यात वीस वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्राम नव्या आवृत्तीने बांधला तर तो पूर्वीसारखाच चालावा, अशी वापरणाऱ्याची अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. देखभालीचे सगळे अवघडपण याच अपेक्षेतून येते.

रोजचे काम कसे चालते ते आधी पाहू. समजा कुणी तक्रार नोंदवली की आमचा प्रोग्राम मागच्या आवृत्तीने नीट बांधला जात होता, नव्या आवृत्तीत मात्र उत्तर चुकते. तक्रारीसोबत वीस हजार ओळींची फाइल जोडलेली असते. ती वाचत बसण्यात अर्थ नसतो. पहिले काम ती फाइल बारीक करण्याचे. त्यासाठी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेले सी-रिड्यूस नावाचे साधन आहे. ते फाइलीतून कधी एखादे फंक्शन, कधी एखादी ओळ, कधी पदावलीचा तुकडा काढून टाकते, दोष अजून दिसतो का ते पाहते, दिसत असेल तर पुढे जाते आणि नसेल तर काढलेले परत ठेवते. रात्रभर हे चालू ठेवले की सकाळी हाती पंधरा-वीस ओळी उरतात, आणि त्या वाचताना कित्येकदा दोष कुठे असावा याचा अंदाज लगेच येतो.

मग दोष नेमका कोणत्या बदलाने आत आला ते शोधायचे. चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती यांच्यामध्ये हजार बदल असतील, तर मधोमध पाहत पाहत दहाएक वेळा कम्पायलर बांधून तो एक बदल सापडतो. दुरुस्ती अनेकदा एकाच ओळीची असते. पण त्या एका ओळीसाठी जीसीसी तीनदा बांधावा लागतो, आणि ही पद्धत मला आजही मोठी देखणी वाटते. यंत्रावर आधीपासून असलेल्या कम्पायलरने पहिली प्रत बांधायची, त्या पहिल्या प्रतीने दुसरी आणि दुसरीने तिसरी. दुसरी आणि तिसरी एकाच कोडपासून निघालेल्या असल्यामुळे त्यांच्या ऑब्जेक्ट फाइली, म्हणजे कम्पायलरने काढलेल्या यंत्रभाषेतल्या फाइली, तंतोतंत जुळल्या पाहिजेत. जुळल्या नाहीत तर कम्पायलर स्वतःचेच भाषांतर चुकीचे करतो आहे, असे समजून काम तिथेच थांबते. ही पायरी पार झाली की हजारो चाचण्या चालवून आधीचे आणि नंतरचे निकाल ताडून पाहतात. शेवटी त्या पंधरा ओळींचा प्रोग्राम, तक्रारीचा क्रमांक नावात घालून, चाचण्यांच्या संग्रहात कायमचा ठेवला जातो. त्या संग्रहातल्या असंख्य फाइलींची नावे अशी नुसत्या क्रमांकांची आहेत. प्रत्येक क्रमांकामागे कुणाचा तरी वाया गेलेला दिवस आहे आणि तो दोष पुन्हा शिरू नये याची तजवीज आहे.

वर्षाचेही वेळापत्रक असते. वसंत ऋतूत नवी आवृत्ती निघण्याच्या सुमाराला पहिला टप्पा सुरू होतो, त्यात मोठे बदल घेतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून तिसरा, म्हणजे दोषदुरुस्तीचा. जानेवारीपासून चौथा, ज्यात फक्त पूर्वी चालणारे आणि आता मोडलेले असेल तेवढेच दुरुस्त करतात. (दुसरा टप्पा एके काळी होता, तो केव्हाच बंद झाला, पण क्रमांक बदलण्याच्या फंदात कुणी पडले नाही. देखभाल करणाऱ्यांचा स्वभाव यातून दिसतो.) सर्वात गंभीर दर्जाची रिग्रेशन, म्हणजे असे मोडलेले दोष, शून्यावर आल्याशिवाय आवृत्ती निघत नाही.

ही झाली सरळ प्रकरणे. खरा वाद पेटतो तो तक्रार करणारा म्हणतो ‘तुम्ही माझा प्रोग्राम मोडला’ आणि सांभाळणारा म्हणतो ‘तुमचा प्रोग्राम मुळातच चुकीचा होता’ तेव्हा. २००९ साली लिनक्स कर्नेलमधल्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, टन नावाच्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये असेच झाले. तिथे एका फंक्शनमध्ये आधी एका पॉइंटरमधून (मेमरीतल्या जागेचा पत्ता ठेवणाऱ्या चलातून) एक किंमत वाचली होती आणि त्याच्या पुढच्या ओळींत तो पॉइंटर नल, म्हणजे कुठलाही खरा पत्ता नसलेला, आहे का, याची तपासणी होती. क्रम उलटा झाला होता, एवढीच लिहिणाऱ्याची चूक. सी भाषेच्या प्रमाणाप्रमाणे, म्हणजे तिच्या अधिकृत नियमावलीप्रमाणे, नल पॉइंटरमधून वाचणे हे अव्याख्यात वर्तन आहे, म्हणजे तसे झाल्यास काय व्हावे याबद्दल भाषा कोणतेही वचन देत नाही. जीसीसीने त्यावरून असा निष्कर्ष काढला की ज्याअर्थी यातून आधीच वाचले आहे त्याअर्थी तो नल असू शकत नाही, सबब पुढची तपासणी निरर्थक आहे. आणि ती काढून टाकली. कर्नेलमध्ये पत्ता शून्यावर हल्लेखोराला स्वतःचा डेटा मांडता येत असे, त्यामुळे ही काढलेली तपासणी म्हणजे सुरक्षेतली मोठी फट ठरली. पुढे अशा तपासण्या काढू नयेत असे सांगणारा पर्याय देऊनच कर्नेल बांधण्याची प्रथा पडली.

प्रमाणाच्या अक्षरावर बोट ठेवले तर कम्पायलरची बाजू बरोबर होती. पण माझे मत विचाराल तर नुसते अक्षर दाखवून सांभाळणाऱ्याची सुटका होत नाही. जी सुधारणा करताना लोकांच्या चुकांचे परिणाम अधिक घातक होतात, तिच्याबरोबर ती चूक पकडण्याचे साधनही द्यायला हवे. ते उशिरा का होईना आले: २०१४ च्या ४.९ आवृत्तीत अव्याख्यात वर्तन चालत्या प्रोग्राममध्ये पकडणारा सॅनिटायझर जीसीसीत दाखल झाला. तो आधी आला असता तर पुष्कळ भांडणे टळली असती.

कम्पायलरच्या बाजूने चुका होत नाहीत, असा मात्र याचा अर्थ नव्हे. युटाच्याच संशोधकांनी यदृच्छया, पण प्रमाणात पूर्णपणे बसणारे सी प्रोग्राम तयार करणारे सीस्मिथ नावाचे साधन केले आणि एकच प्रोग्राम निरनिराळ्या कम्पायलरना देऊन उत्तरे ताडून पाहिली. २०११ च्या त्यांच्या निबंधात तीन वर्षांत सव्वातीनशेहून अधिक, तोवर कुणाला ठाऊक नसलेले दोष सापडल्याची नोंद आहे, आणि त्यांत जीसीसी व एलएलव्हीएम हा दुसरा मोठा कम्पायलर असे दोन्ही होते.

आता आतल्या डागडुजीचे एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण ते इथल्या विद्यार्थ्यांच्या हातातल्या वस्तूशी जोडलेले आहे. तुमच्यापैकी अनेकांनी आर्डुइनो उनो वापरला असेल. त्याच्या आर-३ पर्यंतच्या आवृत्त्यांवरची चिप एव्हीआर कुळातली आहे आणि तिच्यासाठी लिहिलेला प्रोग्राम जीसीसीच यंत्रभाषेत नेतो. दोन संख्यांची तुलना केली की प्रोसेसरच्या फ्लॅगमध्ये, म्हणजे निकाल टिपणाऱ्या बिटांत, निकाल उमटतो आणि त्यावरून पुढची उडी घ्यायची की नाही हे ठरते. जीसीसीच्या आरंभीच्या काळात हे फ्लॅग दाखवण्यासाठी सीसी-शून्य नावाची एक सोय केली होती. तिची अट अशी की तुलनेची सूचना आणि तिचा निकाल वापरणारी सूचना एकमेकींना चिकटूनच असल्या पाहिजेत, मध्ये काही घालायचे नाही. सुरुवातीला हे सोपे पडले. पुढे सूचनांचा क्रम बदलून वेग वाढवणारी तंत्रे आली, तेव्हा प्रत्येक ठिकाणी ‘हे सीसी-शून्यवाले यंत्र नाही ना’ अशी विचारणा करत बसावे लागे. फ्लॅगला साध्या रजिस्टरसारखेच (प्रोसेसरमधल्या साठवणीच्या जागेसारखेच) वागवणारी नवी पद्धत केव्हाच तयार होती, नवी यंत्रे ती वापरत होती. जुनी मात्र होती तिथेच होती, कारण त्यांच्याकडे पाहायला माणूस नव्हता.

अखेर असे जाहीर झाले की अमुक मुदतीत ज्या यंत्रांसाठीच्या कोडचे या नव्या पद्धतीत रूपांतर होणार नाही ती जीसीसीतून वगळली जातील. यादीत १९७७ चा व्हॅक्स होता, मोटोरोला ६८००० चे कूळ होते आणि आपला एव्हीआरही होता. मग धावपळ झाली. मोटोरोलाच्या त्या कुळासाठी, ज्यावर एके काळी अमिगा संगणक चालत, चाहत्यांनी वर्गणी काढून बक्षीस लावले आणि काम करवून घेतले. एव्हीआरचेही रूपांतर वेळेत पार पडले, आणि १२ व्या आवृत्तीच्या विकासात सीसी-शून्य कायमचे काढून टाकता आले. आर्डुइनोवर एलईडी लुकलुकवणाऱ्या मुलाला यातले काहीही कळले नाही, आणि काम नीट झाल्याची खूण तीच. मुदत घालण्याचा तो निर्णय त्या वेळी काहींना कठोर वाटला होता. मला तो योग्य वाटतो. ज्या यंत्राला सांभाळणारा एकही माणूस नाही, त्याच्या नावाने बाकीच्या सगळ्यांनी कायम वळसा घालत राहायचे, हे फार काळ चालण्यासारखे नव्हते.

कधी कधी मात्र जुना प्रोग्राम मुद्दाम मोडावा लागतो. सी भाषेत पूर्वी फंक्शन जाहीर न करताच वापरता येत असे. ते पूर्णांक परत देते असे कम्पायलर गृहीत धरी. १९९९ च्या प्रमाणाने ही मुभा काढून घेतली. चौसष्ट-बिटी यंत्रांवर तिच्यामुळे पॉइंटरचा अर्धा भाग छाटला जाऊन प्रोग्राम कोसळत, तरीही जीसीसी अनेक वर्षे केवळ इशारा देऊन पुढे जाई. २०२४ च्या १४ व्या आवृत्तीत ती शेवटी त्रुटी ठरली. प्रमाण बदलल्यापासून पंचवीस वर्षे लागली, आणि त्याचे कारण निव्वळ आळस नव्हते. अनेक जुन्या पॅकेजांत, म्हणजे वाटपासाठी बांधलेल्या सॉफ्टवेअरच्या संचांत, बांधणीपूर्वी एक स्क्रिप्ट चालते, जी छोटे छोटे प्रोग्राम कम्पाइल करून यंत्रावर कोणती सोय आहे आणि कोणती नाही हे ठरवते. ते छोटे प्रोग्राम जुन्या ढिसाळ पद्धतीने लिहिलेले असले, तर नवा कम्पायलर ते नाकारतो. स्क्रिप्टला वाटते की यंत्रावर ती सोयच नाही. आणि पॅकेज कसलीही कुरकुर न करता, एखादे अंग गमावून, बांधले जाते. त्रुटीचा संदेश कुणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून आवृत्ती निघण्यापूर्वी फेडोरासारख्या लिनक्स वितरणांतल्या लोकांनी आपल्या पॅकेजांतली ही ठिकाणे शोधून दुरुस्त्या मूळ लेखकांकडे पाठवल्या. कम्पायलरमधला बदल तुलनेने लहान होता. त्याच्या बाहेर, इतरांच्या कोडमध्ये करावे लागलेले काम कितीतरी मोठे होते.

रस्ट भाषेच्या मंडळींनी अशा कामासाठी यंत्रणाच उभी केली आहे. धोक्याचा वाटणारा बदल आला की क्रेटर नावाच्या साधनाने सार्वजनिक भांडारातली उपलब्ध पॅकेजे जुन्या आणि नव्या अशा दोन्ही कम्पायलरनी बांधून पाहतात, आणि काय मोडले त्याचा अहवाल समोर ठेवूनच निर्णय घेतात. गो भाषेने २०२४ च्या १.२२ आवृत्तीत लूपमधल्या चलाचा अर्थ बदलला, पण ज्या मॉड्यूलने आपण १.२२ किंवा पुढच्या आवृत्तीचे आहोत असे स्वतः नमूद केले आहे त्यालाच तो लागू केला.

माणसांविषयी थोडे. देखभाल अडली की काय होते हेही जीसीसीने अनुभवले आहे. नव्वदीच्या दशकात बदल स्वीकारण्याचा वेग इतका मंदावला की १९९७ मध्ये काही जणांनी ईजीसीएस नावाने वेगळी चूल मांडली. ती इतकी चांगली चालली की १९९९ मध्ये तिलाच अधिकृत जीसीसी म्हणून मान्यता मिळाली. आज बहुतेक मोठे काम कंपन्यांच्या पगारावरचे अभियंते करतात. पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, लिहिणारे भेटतात. दुसऱ्याचा पॅच समजून घेऊन त्याला मान्यता देऊ शकणारे फार थोडे असतात, आणि अनेक पॅच त्यांचीच वाट पाहत महिनोन्महिने पडून राहतात.

इथल्या विद्यार्थ्यांनी यात उतरायचे तर नव्या ऑप्टिमायझेशनच्या, म्हणजे प्रोग्रामचा वेग वाढवण्याच्या, कल्पनेने सुरुवात करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. जीसीसीच्या तक्रारी जिथे नोंदवल्या जातात त्या बगझिलावर अशा कितीतरी तक्रारी पडून आहेत ज्यांतला प्रोग्राम कुणी बारीक केलेला नाही किंवा दोष कोणत्या बदलाने आला ते कुणी शोधलेले नाही. त्या कामाला कम्पायलरचे आतले ज्ञान फारसे लागत नाही. एक बऱ्यापैकी यंत्र आणि चिकाटी पुरते, आणि ते करता करता आतले ज्ञान आपोआप येऊ लागते. पॅच पाठवण्यापूर्वी कॉपीराइट हस्तांतराचे कागद करण्याची सक्ती जीसीसीने २०२१ मध्ये उठवली. आता हे काम माझे आहे आणि ते देण्याचा मला अधिकार आहे, असे प्रमाणित करणारी एक ओळ पॅचखाली आपल्या नावाने लिहिली की पुरते.