गळ्यातली किल्ली

श्रोतेहो, नमस्कार. औषध म्हणून गांजा वापरायला अमेरिकेत पहिली परवानगी दिली कॅलिफोर्नियाने, १९९६ साली, लोकांचं मत घेऊन. चार वर्षांनी कोलोरॅडोने दिली. तेव्हापासून तिथल्या आईबापांना एकच घोर: औषधाच्या नावाखाली गांजा घरात शिरला, की पोरं बिघडणार.

मलाही तसंच वाटायचं. कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला थोरल्या बहिणीकडे गेले होते. शेजारी एक वयस्कर बाई, कॅन्सरच्या. केमो झाली की पोटात पाणी ठरत नसे. माझा पंधरा वर्षांचा भाचा त्यांचं वाणसामान आणून द्यायचा. एकदा मीही सोबत गेले. बाईंनी गळ्यातली किल्ली काढून डबी उघडली. आत साखर घोळलेल्या जेलीच्या वड्या. मला वाटलं, पाहुणीला खाऊ देतायत! पण प्रत्येक वडीवर शंकरपाळ्यासारखी चौकट, चौकटीत उद्गारचिन्ह.

भाचा म्हणाला, "मावशी, थांब. ते गांजाचं औषध आहे."

पोटात गोळाच आला. बाहेर पडल्या पडल्या विचारलं, "तुझ्या वर्गातली मुलं घेतात?"

"काही घेतात. पण कायद्यामुळे नाही गं. इथे पहिल्यापासूनच घेतात."

मी त्याला गप्प केलं. एवढ्याशा पोराला काय कळतंय!

त्याचंच खरं होतं, श्रोतेहो. कोलंबिया विद्यापीठाच्या डेबोरा हासिन यांचा अभ्यास २०१५ साली आला. १९९१ ते २०१४, आठवी, दहावी, बारावीची दहा लाखांवर मुलं. औषधी गांजाचा कायदा केलेल्या राज्यांत गांजा घेणाऱ्या मुलांचं प्रमाण जास्त होतं खरं, पण ते कायद्याच्या आधीपासूनच जास्त होतं. पुन्हा सांगते, आधीपासूनच. कायद्यानंतर ते वाढलं नाही.

म्हणून गांजा निरुपद्रवी, असं मुळीच नाही. मेंदूची वाढ विशीनंतरही चालू असते. कोवळ्या वयात सतत घेतला तर स्मरणशक्ती, एकाग्रता ढासळते. आणि औषधासाठी नव्हे, तर मौजेखातर खुल्या दुकानातली विक्री हा वेगळा विषय.

मुलांना आजारी शेजाऱ्याचं वाणसामान आणण्यासारखी कामं सांगावीत, या मताची मी आहे. आजाऱ्याच्या घरी जाऊन आलेलं मूल वेगळंच बोलतं. आपण त्यांना नुसतं क्लासला पिटाळतो.

त्या रात्री ताईच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला उठले. फ्रिजवर तिची औषधांची टोपली, उघडीच. वरच झोपेच्या गोळ्यांचं पाकीट. सकाळी ताईला म्हटलं, "आधी एक कुलपाची डबी आण."