बाहेरनं कडी लावू नका

(मंगळवार पेठेतल्या एका तालमीच्या हॉलमध्ये केलेलं बोलणं. रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं नीट केलंय.)

आत येताना दारातच एका काकांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "ताई, दारूचा नाद हा आजार असंल तर आमच्या पोराला कबुतरांचा नाद हाय, तोबी आजारच म्हणायचा का?" काका तिसऱ्या रांगेत बसलेत. मी तिथं उत्तर दिलं नाही, कारण तो दोन मिनिटांत उरकायचा प्रश्न नाही, आणि आज मला जे बोलायचंय ते सगळं त्यांच्याच प्रश्नाभोवती आहे.

आपल्या कोल्हापुरात नाद हा कौतुकाचा शब्द आहे. कुस्तीचा नाद, फुटबॉलचा नाद, पाडव्याला म्हशी पळवायचा नाद, आणि एखादी गोष्ट लय भारी असली की आपण नादखुळा म्हणतो, म्हणजे नादानं खुळं होणं ही आपल्याकडं शाबासकी आहे. मला हा शब्द मनापासून आवडतो. पण त्याच्यामुळंच एखाद्याचा नाद नेमका कधी हातातनं सुटला हे घरच्यांना फार उशिरा कळतं. काका, तुमचा मुलगा परीक्षेच्या आठवड्यात कबुतरं शेजाऱ्याकडं ठेवंल का? चिडंल, दोन दिवस नीट जेवणार नाही, पण ठेवंल ना? (काका मान हलवतात.) मग तो नाद आहे. ज्याला दारू सोडायची इच्छा आहे, ज्यानं पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीय, नोकरी गेलीय, लिव्हरला सूज आलीय, आणि तरी संध्याकाळी पाय तिकडंच वळतात, त्याच्याबद्दल मी बोलतेय.

मी अठरा वर्षं समुपदेशनाचं काम करते, पण हे मी पुस्तकात शिकले नाही, घरात शिकले. माझा थोरला भाऊ शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डर होता. भट्टीसमोरचं काम, पगाराच्या दिवशी गेटबाहेरच सगळे थांबायचे. सुरुवात तिथं झाली, आणि सात-आठ वर्षांत अशी वेळ आली की सकाळी उठल्या उठल्या घोट घेतल्याशिवाय त्याला चहाचा कप धरता यायचा नाही, हात थरथरायचे. घरात सगळ्यांचं एकच मत, मनावर घेत नाही, लाज नाही. श्रावण लागला तशी आईनं त्याच्या गळ्यात माळ घातली आणि वडिलांनी आणि चुलत्यांनी ठरवलं की आता बास, ह्याला माडीवरच्या खोलीत कोंडायचं, चार दिवस ओरडंल, मग येईल ताळ्यावर. बाहेरनं कडी लावली. जेवणाचं ताट खिडकीतनं.

पहिल्या दिवशी तो ओरडला, शिव्या दिल्या, रडला. दुसऱ्या दिवशी दुपारी आतनं धप्प असा आवाज आला. चुलते म्हणाले, ढोंग करतोय, दार उघडू नका. उघडलं तेव्हा त्याला फिट आली होती, दातखीळ बसलेली, जीभ चावलेली, कपाळ फरशीवर आपटून फुटलेलं. कडी काढायला जी पाच-सात मिनिटं गेली ना, ती आमच्या घरात अजून कुणी बोलून दाखवत नाही.

ज्या डॉक्टरांनी त्याला वाचवलं त्यांनी नंतर वडिलांना बाकावर बसवून समजावलं. ते म्हणाले, दारू रोज मेंदूला ब्रेक लावते. मेंदू गप्प बसत नाही, ब्रेक लागलेला असतानाही गाडी चालावी म्हणून तो ॲक्सिलरेटर पिळून धरायला शिकतो. वर्षानुवर्षं असं चालतं. मग तुम्ही एका दिवसात ब्रेक काढून घेता आणि ॲक्सिलरेटर तसाच पिळलेला राहतो. फिट साधारण पहिल्या दोन दिवसांत येते. काहींना त्याच्यापुढं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, नाडी धावते, आणि उपचार नाही झाले तर माणूस दगावू शकतो. सगळ्यांनाच एवढं होत नाही, बऱ्याच जणांचं थरथर आणि घामावर भागतं, पण कुणाचं भागंल आणि कुणाचं नाही हे घरबसल्या सांगता येत नाही. आणि अजून एक, गावाकडं सवय आहे की अशक्तपणा वाटला की जाऊन ग्लुकोजची सलाईन लावून यायची. रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-वन म्हणजे थायमिन कमी झालेलं असतं, त्याला ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून तिथल्या डॉक्टरांना न लाजता सांगायचं, हा रोज पितो.

आता मला सांगा, ज्या गोष्टीला ठरलेल्या वेळेला ठरलेला धोका आहे, ज्याच्यावर गोळी आहे, जिच्यात चुकीची सलाईन नडते, तिला आपण वळण नाही, शिस्त नाही म्हणून खोलीत कोंडतो. हे एका शब्दानं झालं. सवय म्हटलं म्हणून कडी लावली, आजार म्हटलं असतं तर रिक्षा बोलावली असती.

पण याच्याविरुद्ध जे बोलतात त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण त्यांच्याकडं दमदार पुरावा आहे. १९७१ साली व्हिएतनाममधनं परत येणाऱ्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स नावाच्या संशोधक बाईंनी अभ्यास केला. तिथं असताना जवळजवळ पाचातला एक जण अफू-हेरॉइनच्या आहारी गेला होता. सरकार घाबरलं होतं की आता हे सगळे गावोगाव व्यसनी होऊन फिरणार. झालं उलटंच, घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातले जेमतेम ५ टक्के परत अडकले. जागा बदलली, दोस्त बदलले, डोक्यावरचं मरण गेलं, आणि बहुतेकांचं सुटलं. मग लोक विचारतात, कॅन्सर असा गाव बदलून बरा होतो का? बरोबर आहे, होत नाही. १९९७ मध्ये ॲलन लेश्नर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत व्यसन हा मेंदूचा आजार आहे असं ठामपणे मांडलं, त्याचा फायदा झाला, पण मला त्यातली एक अडचण रोज दिसते, मेंदूचाच आजार म्हटल्यावर काही जण हातपाय गाळतात की आता माझ्या हातात काय राहिलं.

मी टीबीकडं बघते. टीबी जंतूनं होतो, त्याबद्दल कुणाला शंका नाही. तरी तो कोंदट खोल्यांत आणि अर्धपोटी माणसांत जास्त पसरतो, आणि हवा-अन्न सुधारलं की कमी होतो. म्हणून टीबी आजार नाही असं आपण म्हणत नाही. माझ्या भावाचं व्यसन त्याच्या मेंदूत होतं आणि फौंड्रीच्या गेटवरपण होतं, दोन्ही खरं. औषधं घेऊन तो तीन महिन्यांनी घरी आला आणि त्याच गेटवर परत उभा राहिला, पाचव्या पगाराला घसरला. दुसऱ्यांदा आम्ही त्याची पाळी बदलून घेतली आणि पगार वहिनीच्या खात्यात वळवला, तेव्हा टिकलं.

आणि आजार म्हणायचं तर सगळ्यांचं म्हणायला पाहिजे. माझी आजी रोज सकाळी तव्यावर तंबाखू भाजून, वाटून मिसरी लावायची. निपाणीचा तंबाखू, घरात नेहमीचा. मिसरी नसली की डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, दिवसभर चिडचिड. तिला कधी कुणी व्यसनी म्हटलं नाही, ती तर दात घासत होती ना! आज या हॉलमध्ये बसलेल्या किती बायकांच्या पिशवीत मिसरीची डबी आहे मी विचारणार नाही, पण तोंडात पांढरा चट्टा असंल, तिखट झोंबत असंल, तोंड पूर्ण उघडत नसंल तर उद्याच दाखवा. सोडायला नुसत्या निश्चयाशिवायही मदत मिळते, निकोटीनचं च्युइंगम असतं, गोळ्या असतात.

आता लक्षाचं बोलते, म्हणजे ज्याला एडीएचडी म्हणतात, ज्यात पोराचं लक्ष टिकत नाही आणि त्याला एका जागी बसवत नाही, कारण तेही आमच्याच घरात आलं. माझा भाचा, याच भावाचा मुलगा, दुसरीत असताना डायरीत रोज लाल पेनानं काहीतरी यायचं. जागेवर बसत नाही, बाकावर चढतो, बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर ओरडतो, दप्तरातलं अर्धं सामान रोज हरवतो. सगळ्यांनी आधी मोबाइलला दोष दिला. पण १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञानं अशाच मुलांवर व्याख्यानं दिली होती. १९०२ म्हणजे ज्या वर्षी आपल्या शाहू महाराजांनी ५० टक्के जागा राखून ठेवायचा हुकूम काढला ते साल, तेव्हा कुठला मोबाइल! आणि महाराजांनीच पुढं १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. याचा मी खूप विचार करते. रानात गुरांमागं दिवसभर पळणारं पोरगं चुळबुळं आहे की नाही हे कोण बघत होतं? सगळी पोरं एका खोलीत पाच तास बसायला लागली तेव्हा कोण बसू शकत नाही ते दिसलं. काहीजण म्हणतात की म्हणजे शाळेनंच हा आजार तयार केला. मला ते पटत नाही, कारण माझा भाचा शाळेबाहेर पण दोनदा गाडीखाली जाता जाता वाचलाय, रस्ता बघायचं त्याच्या डोक्यातच येत नव्हतं. जुळ्या मुलांच्या अभ्यासांतनं असं दिसतं की मुलामुलांत या बाबतीत जो फरक पडतो त्यातला ७० ते ८० टक्के आनुवंशिक असतो. एवढी बळकट आनुवंशिकता असलेली गोष्ट आईबापाच्या लाडानं होत नाही.

तरी इथंही घाई धोक्याची आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात डिसेंबरमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सगळ्यात लहान असलेल्या मुलग्यांना जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा ३० टक्के जास्त वेळा एडीएचडीचं निदान झालेलं सापडलं. म्हणजे काही पोरं आजारी नव्हती, फक्त वयानं लहान होती. म्हणून तर नियम आहेत, लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून पाहिजेत, सहा महिने टिकलेली पाहिजेत, घर आणि शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसली पाहिजेत आणि त्यानं पोराचं खरंच अडलं पाहिजे. दहा मिनिटांत कागदावर टिका मारून कुणी लेबल दिलं तर दुसरीकडं दाखवा. आणि गप्प बसून खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलींकडं पण लक्ष द्या, त्या त्रास देत नाहीत म्हणून त्यांना कुणी दाखवायलाच नेत नाही.

रक्ताच्या टेस्टमध्ये दिसत नाही मग आजार कसला, हे मला दर आठवड्याला ऐकायला मिळतं. अहो, बीपी तरी कुठं रेघ मारून येतं? वर्षानुवर्षं १४० वर ९० ही रेघ होती, २०१७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनांनी ती १३० वर ८० केली आणि एका दिवसात लाखो माणसं पेशंट झाली. रेघ माणसांनीच मारली, पण लकवा मारतो तो खरा असतो.

आजार हा शब्द वापरून माणसांवर अन्यायपण झालाय, तेही सांगते. १८५१ साली अमेरिकेत सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं मालकाकडनं पळून जाणाऱ्या गुलामांना एक आजार असतो असं लिहिलं, त्याला नावही दिलं. समलिंगी माणसांना तिथल्या मनोविकारांच्या यादीतनं काढायला १९७३ उजाडलं. म्हणून मी दर वेळी बघते की नाव दिल्यानं त्या माणसाचा त्रास हलका होतोय की दुसऱ्या कुणाची सोय होतेय. भाच्याला नाव मिळालं तेव्हा तो मला म्हणाला, "आत्ती, म्हणजे मी वाईट नाय ना?" सात वर्षांचं पोरगं होतं ते. डॉक्टरांनी भावालाही त्याचं लहानपण विचारलं, आणि तो सांगायला लागला तेव्हा आई रडायला लागली, तंतोतंत तेच सगळं, आठवीत शाळा सोडेपर्यंत रोज मार. लहानपणी एडीएचडी असलेल्यांना पुढं व्यसनाचा धोका जास्त असतो. त्याला कुणी तेव्हा बघितलं असतं तर, हे मी मनात धरून बसलेय.

शेवटी वहिनीचं सांगते, कारण भावाचं एवढं ऐकल्यावर तिचं राहून जातं. तिचं गंठण भावानं विकलं होतं. समुपदेशनात मी तिला आजार समजावत होते तेव्हा ती म्हणाली, "आजार हाय, मान्य. मग माझं गंठण कोण देणार?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. भावानं दिलं. तो म्हणाला, मला फिट आली तो आजार, पण सोनाराकडं मी पायानं चालत गेलो होतो. दर महिन्याला थोडं थोडं करत चार वर्षांत त्यानं ते फेडलं. मधे एकदा घसरला, तेव्हाही त्या महिन्याचे पैसे दिले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळं होणारे मानसिक त्रास आजारातच धरलेत, विम्यातही मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं असं त्यात आहे, पण वहिनीचा प्रश्न कुठल्या कायद्यात बसत नाही, तो घरातच सोडवायला लागतो.

घरात कुणी म्हणालं की उद्यापासून बंद, तर आनंद जरूर करा, पण आधी विचारा, रोज किती घेतोस, सकाळी हात थरथरतात का, पूर्वी कधी फिट आली होती का. एकाचं जरी उत्तर हो आलं तरी आधी डॉक्टर, मग बंद. आणि त्या खोलीत कुणीतरी सोबत झोपा. दोन फोन नंबर लिहून घ्या, व्यसनासाठी १४४४६ आणि मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६, दोन्ही सरकारी आहेत, पैसे लागत नाहीत.

मागं त्या मावशी केव्हापासून हात वर करून उभ्या आहेत. माईक जरा तिकडं द्या.