फणसाकडचं घर

नमस्कार श्रोतेहो.

मी वेबसाईट बनवतो. दुकानांच्या, होमस्टेच्या, देवस्थानांच्या, बचतगटांच्या. एकच पान वेगवेगळ्या मुलखांतल्या, वेगवेगळ्या रीतीभातींच्या माणसांसमोर उघडतं तेव्हा काय होतं, त्याबद्दल आज बोलायचं आहे. रेडिओवर पडदा दाखवता येत नाही, म्हणून घडलेल्या गोष्टींपासूनच सुरुवात करतो.

गोव्यात हरमलला माझ्या चुलतभावाच्या चार खोल्या आहेत, पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या. त्यांच्या बुकिंगचं पान मी करून दिलं होतं. तारखेसाठी एक मोकळी चौकट ठेवली होती, ज्याला जशी हवी तशी त्याने लिहावी. एका अमेरिकन जोडप्याने तिथे लिहिलं ५/१२. आम्ही वाचलं पाच डिसेंबर. ऐन हंगाम. दादाने लगेच खोली राखून ठेवली. ते दोघं आले बारा मेला, कारण अमेरिकेत महिना आधी लिहितात आणि दिवस नंतर. मे महिन्यात दादाची पावसाआधीची डागडुजी चालू होती. दोन खोल्यांची कौलं उतरवलेली, गाद्या बाहेर काढलेल्या, आणि रात्री साडेदहाला ही दोघं बॅगा घेऊन अंगणात उभी. वहिनीने त्यांना घरातली खोली रिकामी करून दिली, पेज आणि लोणचं वाढलं. ती चार दिवस राहिली आणि आनंदाने गेली. पण ती रात्र माझ्या मनातून गेली नाही. चूक पाहुण्यांची नव्हती, दादाचीही नव्हती. त्या चौकटीची होती, आणि चौकट मी केली होती.

आता त्या पानावर दिनदर्शिका उघडते आणि निवडलेला दिवस खाली अक्षरांत लिहून येतो, '१२ मे', प्रत्येकाच्या भाषेत. जपानी माणूस वर्ष आधी लिहितो, मग महिना, मग दिवस. त्याचाही गोंधळ होत नाही. रकमेचंही असंच. आपण एक लाख लिहिताना १,००,००० असा स्वल्पविराम देतो, इंग्रज १००,००० असा देतो, आणि जर्मन माणूस हजारांनंतर टिंब देऊन दशांशाला स्वल्पविराम वापरतो. साडेबाराशे युरो त्याच्या रीतीने लिहिले आणि आपल्या रीतीने वाचले, तर उरतो सव्वा युरो.

लोकांना वाटतं, भाषांतर केलं की वेबसाईट आपली झाली. माझ्या मावशीची गोष्ट ऐका.

मावशी सत्तरी तालुक्यात राहते, शिवणकाम करते. तिच्या शिलाई मशीनची मोटर जळली. वाळपईत मिळेना, म्हणून म्हटलं ऑनलाईन मागवू. वेबसाईट चक्क मराठीत होती. मी माऊस मुद्दाम तिच्याच हातात दिला. नाव झालं, फोन झाला. मग पत्त्यात एक चौकट आली, शेजारी तांबडी फुली: रस्त्याचं नाव. ते भरल्याशिवाय पुढे जायची सोय नाही.

मावशीने चष्मा कपाळावर चढवला. "बाबू, आमच्या वाड्यावर रस्त्याला नाव कोणी ठेवलंय?"

"काहीतरी लिही गो," मी म्हटलं.

"काहीतरी कसं लिहू? उद्या तो मनीस ते नाव शोधत गावभर फिरेल."

तिचं अगदी खरं होतं. आपल्या खेड्यांत पत्ता म्हणजे पंचायतीने दिलेला घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका, आणि त्यावर भरवशाची एक खूण. ज्याने तो फॉर्म केला त्याच्या शहरात घरं रस्त्यांवर ओळीने क्रमांक लावून बसलेली असणार. फॉर्मातले शब्द मराठीत आले, पण ते शहर फॉर्मातून गेलं नाही. जपानात बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात. तिथे पत्ता भागाच्या आणि वस्तीच्या क्रमांकांवर चालतो, मोठ्याकडून लहानाकडे. म्हणून जपानी फॉर्म बहुधा आधी पोस्टाचा क्रमांक विचारतात आणि त्यावरून प्रांत आणि शहर आपोआप भरून देतात. तिथल्या लोकांनी आपल्या पत्त्याला शोभेल असा फॉर्म घडवला. आपणही घडवू शकतो, त्यात अवघड काहीच नाही.

नावाच्या चौकटीत तर गोव्यातल्या निम्म्या लोकांनी ठेच खाल्ली असेल. म्हापशाच्या माझ्या एका मित्राचं आडनाव डि'सोझा. ते इंग्रजीत लिहिताना मध्ये वरचा स्वल्पविराम येतो, आणि कित्येक फॉर्म त्याला सांगतात, 'अवैध अक्षर'. माणसाला त्याचंच आडनाव अवैध म्हणून सांगणं मला फार लागतं. आपलं मराठी नाव तीन पदरी, मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पोर्तुगीज आणि स्पॅनिश वळणाच्या घरांत आईचं आणि वडिलांचं अशी दोन आडनावं. इंडोनेशियात कित्येकांना एकच नाव, आडनाव नाहीच. 'पहिलं नाव, शेवटचं नाव' हा साचा थोड्या लोकांच्या अंगाचा, आणि सगळ्यांना घातला. मी आता एकच लांब चौकट देतो: पूर्ण नाव.

यापुढचा विषय मला सगळ्यात जवळचा आहे, आपली अक्षरं. इंग्रजी अक्षरं थोडी विरळ केली की मथळा ऐसपैस दिसतो, म्हणून रचनाकार दोन अक्षरांमधलं अंतर वाढवतात. तोच आकडा देवनागरीला लागला की शिरोरेषा तुटते. 'गणपती' हा शब्द चार सुट्या तुकड्यांत उभा राहतो. इंग्रजीच्या मापाने ओळी जवळ आणल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. एका पूजासाहित्याच्या दुकानाचं पान मी पाहिलं होतं. त्यातल्या बटणाची उंची इतकी बेताची की 'कुंकू' शब्दाचं वरचं टिंब आणि खालचे उकार कापले गेले होते. उरलं होतं नुसतं 'कक'. दुकानदाराला वाटत होतं, मोबाईल बिघडला.

त्याहून नाजूक गोष्ट ल आणि श यांची. हिंदीचा ल आणि श वेगळा, आपला वेगळा. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीचे म्हणून ठरवून दिले. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही रूपं असतात, पण पान मराठी आहे हे ब्राउझरला सांगावं लागतं. ती खूण म्हणजे पानाच्या माथ्यावर दोन अक्षरांचा भाषेचा संकेत. तो घातला आणि फाँटमध्ये सोय असली की पानभर ल आणि श बदलून मराठी वळणाचे होतात. पहिल्यांदा हे माझ्या डोळ्यांसमोर झालं, तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावून दाखवलं होतं. आणखी एक सांगतो. 'ॲप' हा शब्द आज पोरंसोरं दिवसातून पन्नासदा लिहितात. त्यातलं पहिलं अक्षर, अ वर चंद्र, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आलं. तोवर ते लिहायला लोक जोडतोड करत होते.

आणि पुष्कळ मराठी माणसं देवनागरीत लिहितच नाहीत, मोबाईलवर रोमन अक्षरांतच टाईप करतात. चवथीच्या दिवसांत दुकानाच्या शोधचौकटीत कोणी 'माटोळी', म्हणजे गणपतीच्या वर बांधायची फळापानांची आरास, रोमन लिपीत लिहिलं आणि उत्तर आलं 'काही सापडलं नाही', तर दुकान भरलेलं असून गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जातं.

आता थोडं अभ्यासकांबद्दल. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये एक भेद मांडला. काही समाजांत बोलणं सगळं उघड, शब्दांत असतं. काही समाजांत बरंचसं न बोलता, प्रसंगावरून आणि नात्यावरून कळतं. त्या धाग्यावर एलिझाबेथ वुर्ट्झ यांनी २००५ मध्ये मॅकडोनाल्ड्सच्या निरनिराळ्या देशांतल्या वेबसाईट शेजारी ठेवून पाहिल्या. कंपनी एक, पण पूर्व आशियातल्या पानांवर हालती चित्रं आणि घोळक्यातली माणसं जास्त. उत्तर युरोपातल्या पानांवर एकेकटा माणूस आणि सरळ माहिती. जपानची याहू किंवा राकुतेन या ऑनलाईन दुकानाची पानं पाहिलीत तर तुमच्या लक्षात येईल, चौकटीला चौकट लागून, सगळं एकाच पानावर. युरोपातल्या रचनाकाराला ते पान कोंदट वाटतं.

मला नाही वाटत. माझ्या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका आहे. तिच्या दोन बोटं रुंद चौकोनात तारीख, तिथी, नक्षत्र, संकष्टीचा चंद्रोदय, कोणाची जयंती, कोणाची पुण्यतिथी, आणि वर आईने पेनाने लिहिलेला गॅस सिलिंडरचा दिवस. आई उलथनं हातात धरून एका नजरेत त्यातलं हवं ते वाचते. दाटीत वाचायची आपली ही जुनी सवय आहे. तेव्हा मराठी पंचांगाची वेबसाईट करताना कोणी मला 'पांढरी मोकळी जागा वाढवा' म्हटलं, तर मी आधी आईला विचारतो.

कोणत्या देशात कोणत्या रंगाचा काय अर्थ, हे रचनाकारांना सांगणारे तक्ते मात्र मला पटत नाहीत. भारतात पांढरा शोकाचा, काळा अशुभ, असं त्यांत एकेका ओळीत लिहिलेलं असतं. आपल्याच वाड्यावर बघा. ख्रिस्ती शेजाऱ्याकडे नवरी पांढऱ्या झग्यात आणि दुखवटा काळ्या कपड्यांत. हिंदू घरात पांढरा रंग दुखवट्याचा, आणि काळा अशुभ म्हणणाऱ्या त्याच घरात संक्रांतीला मुद्दाम काळी साडी नेसतात आणि मंगळसूत्रात काळे मणी ओवतात. दोन घरांमध्ये कुंपण तेवढं. 'भारत' असं लिहिलेला तक्ता यातलं काय सांगणार? शेअर बाजाराचं उदाहरण त्या मानाने साधं आहे: चीनमध्ये भाव चढला की आकडा लाल, आपल्याकडे हिरवा. तिथे चूक झाली तर माणूस पैसे घालवेल, म्हणून तेवढं पाळलंच पाहिजे.

हा देशवार हिशेब मुख्यतः डच अभ्यासक हॉफस्टेड यांच्यापासून चालत आला. त्यांनी आयबीएमच्या निरनिराळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या प्रश्नावल्यांवरून देशांच्या रीतीभातींना आकड्यांत गुण दिले, आणि १९८० मध्ये ते प्रसिद्ध केले. २००० साली एरन मार्कस आणि एमिली गूल्ड यांनी ते गुण वेबसाईटच्या रचनेला लावून दाखवले. कामाला सुरुवात करायला ते बरं आहे. पण गोव्याला कोणता गुण देणार? १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतली कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. शेजारी रोमी, म्हणजे रोमन, लिपीतली कोकणी वाचणारा मोठा समाज आहे, आणि एकाच घरात आजोबांचे कागद पोर्तुगीजमध्ये, नातवाची शाळा इंग्रजीत. भाषा निवडायला झेंड्याची चित्रं ठेवतात, त्यात मराठीला कोणता झेंडा लावणार? भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहावं, बस्स.

म्हणून झुरिच विद्यापीठातलं कातारिना रायनेके आणि अब्राहम बर्नस्टाइन यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी कामांची यादी ठेवणारी एक वेबसाईट केली, जी माणसागणिक आपली मांडणी बदलते. ती 'तुमचा देश कोणता' एवढं विचारून थांबत नाही. कुठे कुठे राहिलात आणि किती वर्षं, असं विचारते, आणि त्या वर्षांच्या वजनाने मांडणी ठरवते. त्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत, जुळवून घेतलेल्या मांडणीवर लोकांचं काम २२ टक्के लवकर झालं, चुकाही कमी झाल्या. बार्देश तालुक्यात जन्मून वीस वर्षं कुवेतला काढलेल्या आणि आता परत आलेल्या माणसाला हा प्रश्न किती आपलासा वाटेल! त्याच्या बोटांना अरबी पानांचीही सवय असू शकते. ती पानं आरशात पाहिल्यासारखी उलटी असतात, मेनू उजवीकडे, 'मागे'चा बाण उजवीकडे वळलेला. हिब्रूचंही तसंच, हरमलला येणाऱ्या इस्रायली पाहुण्यांच्या मोबाईलवर दादाने ते पाहिलंय. मात्र फोन नंबर त्या पानांवरही डावीकडूनच वाचायचा असतो. सरसकट सगळं उलटवलं की नंबर बिघडतो.

गेल्या वर्षी मावशीच्या बचतगटाची वेबसाईट करायचं ठरलं. सोलां म्हणजे आमसुलं, फणसाची साटां म्हणजे फणसपोळी, कैरीचं लोणचं. फॉर्म आधी कागदावर काढला आणि वाळपईच्या बाजारादिवशी सातआठ बायकांना भरायला दिला. मी काही समजावून सांगायचं नाही, नुसतं बघायचं, असं स्वतःला बजावलं होतं. त्या जिथे थांबल्या, तिथे मी फुली मारली. 'पिनकोड' अडला नाही, 'लँडमार्क' अडला. तो काढून 'घराजवळची खूण' केलं आणि ती चौकट मोठी केली, चार ओळींची. रस्त्याची चौकट काढून टाकली.

पान तयार झाल्यावर पहिली ऑर्डर मावशीनेच भरून पाहिली. पूर्ण नाव सलग लिहिलं. घर क्रमांक, वाडा, गाव. मग खुणेच्या चौकटीपाशी ती थांबली, आणि मी मनात म्हटलं, अजून एक फुली.

"बाबू, देवळाच्या पाठीमागे, फणसाकडे, असं लिहू?"

"लिही की."

"पण फणस गेल्या पावसात पडला मरे."

"मग लोक आता काय सांगतात?"

"फणसाकडेच सांगतात," मावशी म्हणाली, आणि तिने तेच लिहिलं.

नमस्कार.