५५ फूट

[काळा पडदा. वायरलेसची खरखर.]

१ फेब्रुवारी १९९१. लॉस एंजेलिसचा विमानतळ. संध्याकाळचे सहा वाजून गेलेत, अंधार पडलाय. टॉवरमधली कंट्रोलर, म्हणजे वायरलेसवरून विमानांना वाट देणारी, स्कायवेस्ट कंपनीच्या छोट्या विमानाला सांगते, धावपट्टीवर येऊन थांबा. विमान २४ लेफ्ट या धावपट्टीवर येतं आणि उड्डाणाच्या परवानगीची वाट बघत उभं राहतं. तेवढ्यात तिच्यापुढे दुसराच घोळ उभा राहतो. भलत्याच एका विमानाची कागदी पट्टी, ज्यावर त्याचा नंबर आणि मार्ग लिहिलेला असतो, ती टेबलावर आलेलीच नाही. त्या शोधाशोधीत धावपट्टीवर थांबवलेलं विमान मनातून निसटतं. आणि मागून यूएसएअरचं बोइंग ७३७ उतरायला येतं. त्याला परवानगी मिळालेली असते ती याच धावपट्टीची.

३५ माणसं गेली.

[थोडी शांतता.]

चौकशीत बरंच काही पुढे आलं. जमिनीवरची विमानं दाखवणारं रडार त्या संध्याकाळी बंद होतं. दिव्यांच्या झगझगाटात टॉवरमधून ती जागा धड दिसत नव्हती. एक माणूस विसरला, तर त्याची चूक पकडणारी दुसरी कुठलीच सोय कामाच्या पद्धतीत नव्हती. मुख्य बोट ठेवलं गेलं ते यावर.

विसरणारा माणूस बदलता येत नाही. विसरतो तो आपल्यातलाच कुणीतरी असतो. पद्धत मात्र बदलता येते. पण बदलून बघायची कुठे? चालत्या विमानतळावर, भरलेल्या विमानांवर प्रयोग करायचे?

[दृश्य: टॉवरची गोलाकार खोली. चहूबाजूंनी काचा, बाहेर धावपट्ट्या.]

हा टॉवर खोटा आहे. कॅलिफोर्नियात मॉफेट फील्डला, नासाच्या एम्स केंद्रात, १९९९च्या डिसेंबरात तो सुरू झाला. नाव फ्यूचरफ्लाइट सेंट्रल. खिडक्यांच्या जागी गोलाकार मांडलेले १२ मोठे पडदे. त्यावर दिवस उजाडतो, धुकं उतरतं, रात्र पडते. कंट्रोलर हेडसेट लावून उभे राहतात आणि आज्ञा देतात. समोरचं विमान वळतं, कारण दुसऱ्या खोलीत की-बोर्डपाशी बसलेला एक माणूस ते वळवतो, आणि वैमानिकाच्या आवाजात उत्तरही देतो. त्याला म्हणतात स्यूडो-पायलट.

हे स्यूडो-पायलट आपल्याकडेही आहेत. भारतात कंट्रोलर होऊ पाहणारी मुलंमुली प्रयागराज, हैदराबाद आणि आपल्या गोंदियातल्या संस्थांमध्ये शिकतात. खऱ्या आकाशाआधी त्यांच्यापुढे सिम्युलेटर येतो. तिथला एक खेळ जरा जवळून बघा. शिकणारी मुलगी सांगते, अमुक पातळीवर या. वैमानिकाने ते जसंच्या तसं परत म्हणायचं असतं. याला रीडबॅक म्हणतात. स्यूडो-पायलट मुद्दाम एक आकडा चुकवतो, तोही अगदी सहज आवाजात. तिच्या पडद्यावर आणखी सात विमानं आहेत, दोन एकमेकांकडे सरकतायत. तिच्या कानाने तो चुकलेला आकडा पकडला का?

नाही पकडला, तर शिक्षक सगळं जागच्या जागी थांबवतो. ठिपके गोठतात. आठही विमानं हवेत तशीच उभी. इथे बोल, कुठे चुकलं? मग घड्याळ मागे नेऊन तोच प्रसंग पुन्हा. खऱ्या आकाशात विमान थांबवता येत नाही, म्हणून या थांबण्याची किंमत मला फार वाटते.

[दृश्य: लॉस एंजेलिस विमानतळ, आकाशातून.]

आता पुन्हा लॉस एंजेलिस. चार समांतर धावपट्ट्या, दोन उत्तरेला, दोन दक्षिणेला, मध्ये टर्मिनल. १९९१चा अपघात उत्तरेकडचा. पण दक्षिणेकडे वेगळीच डोकेदुखी होती. विमान बाहेरच्या धावपट्टीवर उतरायचं आणि वेगातच बाहेर पडायचं. पुढ्यात लगेच आतली धावपट्टी, जिच्यावरून दुसरी विमानं उडतायत. थांबण्याची रेघ ओलांडली की संपलं. अशी रेघ ओलांडली जातही होती.

२००१मध्ये हा विमानतळ त्या खोट्या टॉवरमध्ये उभा केला गेला. आधी तपासलं, हा खऱ्यासारखा वागतोय का. त्यासाठी बोलावले लॉस एंजेलिसचेच कंट्रोलर. या सगळ्या प्रयोगाचा जीव मला इथे दिसतो. गणितं संगणकाने केलीच असती. पण गर्दीच्या तासाला वायरलेसवर बोलायला श्वास पुरतो का, मान कितीदा वळवावी लागते, हे रोज तिथे उभं राहणारा माणूसच सांगू शकतो. वेगवेगळे पर्याय त्यांनी चालवून पाहिले. मग २००३मध्ये पाळी आली एका साध्या कल्पनेची: दोन धावपट्ट्यांच्या मधोमध एक टॅक्सीवे, म्हणजे विमानांनी जमिनीवर हळू चालत जायची वाट.

साधी, पण जागाच नव्हती. त्यासाठी अख्खी धावपट्टी सरकवायला हवी होती. सव्वातीन किलोमीटरहून लांब काँक्रीट.

२००६मध्ये दक्षिणेकडची ती धावपट्टी बंद झाली. उखडली, सुमारे ५५ फूट दक्षिणेला नव्याने बांधली आणि २००७मध्ये सुरू केली. मधला टॅक्सीवे २००८मध्ये तयार झाला.

[दृश्य: उतरलेलं विमान मधल्या टॅक्सीवेवर वळतं.]

आता उतरलेलं विमान आधी इथे वळतं. वेग कमी होतो. वैमानिक रेघेपाशी थांबतो, विचारतो, ओलांडू का? टॉवरमधून उत्तर येतं, थांबा. शेजारच्या धावपट्टीवरून एक विमान गर्जत निघून जातं.

[वायरलेसवर आवाज. विमान हळूहळू पुढे सरकतं.]