नदीकाठची बाग आखताना

श्रोतेहो, नमस्कार.

नदीकाठी बाग करायची ठरली की कागदावर आधी कारंजी आणि दिवे उमटतात. खरं तर आधी काढायचा तो नदीचा आडवा छेद, म्हणजे नदी या काठापासून त्या काठापर्यंत कापली तर दिसेल ते चित्र. त्यावर तीन रेषा मारा: सर्वांत कमी पाण्याची, दरवर्षीच्या पुराची आणि शंभर वर्षांच्या पुराची. हा शेवटचा पूर शंभर वर्षं थांबून येत नाही बरं का. कुठल्याही वर्षी तो येण्याची शक्यता 1 टक्का असते. स्वच्छतागृहं आणि विजेचे पॅनेल या रेषेच्या वर. खाली फक्त बुडालं तरी चालेल असंच: पायऱ्या, गवत, पायवाट.

काठाला उभी भिंत घातली की जागा वाचते, पण पाणी नुसतं दिसतं, हाताला लागत नाही. आणि अशी भिंत बऱ्याचदा पूर ओसरताना पडते. समोरचं पाणी झपाट्याने उतरतं, मागची माती मात्र अजून चिंब असते; तिचा दाब भिंतीला पुढे ढकलतो. भिंत टाळताच येत नसेल तर तिला वीप होल, म्हणजे मागचं पाणी बाहेर पडायला छिद्रं ठेवा, मागे खडीचा थर आणि जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड घाला. नाहीतर छिद्रांतून मातीच वाहून जाते.

जागा असेल तर उतारच बरा. 1 मीटर उंचीला निदान 3 मीटर लांबी द्या. गवत मूळ धरतं. पायथ्याचे दगड मात्र, प्रवाह तळ जिथवर खरवडेल त्याच्याही खाली न्या. पायथा सुटला की वरचं सगळं घसरतं.

सिंगापूरच्या बिशान-आंग मो किओ उद्यानात काँक्रीटचा सुमारे 2.7 किलोमीटरचा कालवा फोडून 3.2 किलोमीटरची वळणदार नदी केली; उद्यान 2012 मध्ये खुलं झालं. पाणी चढू लागलं की तिथे भोंगे वाजतात. पाण्याजवळ माणसं न्यायची तर अशी सोय हवीच.

चालायच्या पायऱ्या 15 सेंटिमीटर उंच, बसायच्या 40 ते 45. पृष्ठभाग खडबडीत ठेवा, शेवाळावर पाय घसरतो. चाकाच्या खुर्चीसाठी 1:12 चा रॅम्प, म्हणजे 1 मीटर चढाला 12 मीटर लांबी. रेलिंगच्या आडव्या नळ्यांत पुराचा कचरा अडकतो आणि मग प्रवाह अख्खं रेलिंगच उपटतो. म्हणून ते काढून ठेवता येईल असं करा. पुराचा गाळ ओला असतानाच धुवायचा, वाळला की कुदळ लागते. तेव्हा पाण्याचा नळ आणि ट्रॅक्टर उतरेल एवढी वाट नकाशातच दाखवा.

आणि हे सगळं बांधण्याआधी कोरड्या दिवसांत काठाने एक फेरी मारा. पाऊस नसतानाही पावसाळी गटाराचा नळ वाहत असेल, तर त्यात बहुधा सांडपाणी मिसळतंय. ते आधी अडवून शुद्धीकरण केंद्राकडे वळवा, नदीचं पाणी ई. कोलाय या मैल्यातून येणाऱ्या जिवाणूसाठी वरचेवर तपासा आणि आकडे पायऱ्यांपाशी फलकावर लावा.