14 नंबरचा प्लॉट

(दृश्य: भर उन्हात मोकळी जमीन. लांबवर सिमेंटची कमान.)

एप्रिल महिना, दुपारचे साडेबारा. दौंड तालुका. पुणे-सोलापूर रस्त्यापासून दोनेक किलोमीटर आत. दोन वर्षांपूर्वी इथं ऊस उभा होता. आज कमान आहे, कमानीवर दोन हत्ती आहेत आणि आत फक्कीनं आखलेले 53 चौकोन.

बाबा निवृत्त झाले, पीएफ हातात आला आणि घरात एकच विषय सुरू झाला: स्वतःचं घर, अंगणासकट. फ्लॅटमध्ये 31 वर्षं काढलेल्या आईला मागीलदार हवं होतं. म्हणून आम्ही चौघं रविवारचे रविवार असे चौकोन बघत हिंडत होतो.

(दृश्य: सेल्सचा मुलगा आईच्या डोक्यावर छत्री धरून चालतोय.)

"काकू, हा 14 नंबर. कॉर्नर, ईस्ट फेसिंग, समोर गार्डन. पुढच्या रविवारपर्यंत राहील असं वाटत नाही."

क्षेत्र 2000 चौरस फूट. गुंठा 1089 फुटांचा, म्हणजे पावणेदोन गुंठ्यांच्या किंचित वर. जमीन उन्हानं भेगाळली होती. भावानं एका भेगेत स्टीलची पट्टी घातली, 9 इंच आत गेली. मुलगा खूश होऊन म्हणाला, "बघा दादा, किती कोरडी जागा आहे!"

बाबांनी 11 हजारांचं टोकन द्यायला चेकबुक काढलंच होतं. आई म्हणाली, "पाऊस पडू दे. मग बघू."

(दृश्य: तीच कमान. जुलै. हत्तींच्या सोंडेवरून पाणी गळतंय.)

पाऊस पडला. 14 नंबरमध्ये पाऊल टाकलं आणि बाबांची चप्पल तिथंच राहिली. आखलेली फक्की वाहून गेलेली. एका कोपऱ्यातून पाणी आत येत होतं, दुसऱ्यातून निघून समोरच्या 'गार्डन'मध्ये साचत होतं. ते घाईत नव्हतं. रोजच्या वाटेनं निघालेल्या माणसासारखं चाललं होतं.

बांधावर एक आजोबा पोत्याची खोळ पांघरून म्हशी राखत उभे होते. आईनं त्यांना विचारलं, "आजोबा, इथं नेहमी असंच असतं का?"

"ह्याला ओघळीचं रान म्हणायचो आम्ही. वरच्या अंगाचं समदं पाणी हितनंच जायचं. गेल्या साली बुजवली ओघळ. पाण्याला कुठं म्हाईत हाय बुजवल्याचं?"

त्या रात्री घरी येऊन गटाचा जुना सातबारा काढला. डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन 15 रुपयांत मिळतो. आपण सातबाऱ्यावर भोगवटादाराचं, म्हणजे जमीन ज्याच्याकडे आहे त्याचं नाव बघतो, इतर हक्कात बोजा, म्हणजे कर्जबिर्ज आहे का बघतो. पण गाव नमुना सातवर आणखी एक रकाना असतो, 'शेताचे स्थानिक नाव'. पुष्कळ उताऱ्यांवर तो रिकामाच असतो. आमच्या उताऱ्यावर तीन अक्षरं होती.

ओघळ.

(दृश्य: उताऱ्यावरच्या त्या शब्दावर कॅमेरा थांबतो.)

गावोगावी शेतांना अशी नावं असतात. पाणंदीचं, माळाचं, चिंचेखालचं, खारपड. नांगर धरणाऱ्यांनी ती ठेवलेली. ब्रोशर छापणारे त्याच जमिनीला ग्रीन, व्हॅली, लेक असं काहीतरी जोडतात. 'लेक' शब्दाशी मात्र माझं भांडण नाही. जुलैमध्ये तो खरा होता.

एप्रिलमधल्या भेगेचा अर्थही तेव्हा लागला. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. दरवर्षी, न चुकता. तिच्यावर उथळ पाया घातला, तर घरही वर्षाकाठी थोडं वर, थोडं खाली होतं आणि दोन-चार पावसाळ्यांनी खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीला तिरकी चीर जाते. कापसाला, उसाला ही माती सोनं आहे. घराला मुरूम लागतो, मातीखालचा खडकाळ, टणक थर.

म्हणून पुढच्या खेपेला आम्ही एक मिस्त्री आणि तासाच्या भाड्यानं जेसीबी नेला. विकणाऱ्याची परवानगी काढली होती, तरी सेल्सच्या मुलाचा चेहरा पडलाच. 14 मध्ये खड्डा घेतला. 4 फूट, काळी. 6 फूट, काळी. 9 फुटांवर मिस्त्रीनं हात वर केला. "बस करा. अजून खाली जायचं म्हणजे पैसे पायातच गाडायचे."

मग चढाकडच्या अंगाला 31 नंबर. दोन फूट काळी माती, मग बादली खरवडल्याचा आवाज. साडेतीन फुटांवर पिवळसर, कडक मुरूम. मिस्त्रीनं पहारीचा एक ठोका मारला आणि काही न बोलता तंबाखू काढली. त्याचं प्रशस्तिपत्रक तेवढंच.

(दृश्य: आई मुरमाचा खडा हातात फिरवून बघतेय.)

31 नंबर कॉर्नर नाही. तोंड पश्चिमेला, म्हणजे दुपारचं ऊन थेट दिवाणखान्यात. मामांनी फोनवर वास्तुशास्त्र ऐकवलं. मागून विजेची उच्चदाबाची लाइन जाते, तिच्यापासून अंतर सोडावं लागणार. ते आर्किटेक्टला आधी आखून दाखवायला लावलं, म्हणजे घराला खरी किती जागा उरते ते कळलं. लेआउटच्या मंजूर नकाशात समोरचा रस्ता 9 मीटर होता. भावानं आणि मी टेप धरून मोजला, भरला. याच लेआउटमध्ये दुसऱ्या टोकाला तो पावणेआठच भरतो, कारण कुणाचं तरी कंपाउंड पुढं सरकलंय.

कागदांचं काम त्यामानानं सरळ निघालं. अकृषिक परवानगी, मंजूर रेखांकन, जमिनीचे जुने व्यवहार तपासून वकिलानं दिलेला सर्च रिपोर्ट, आणि महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटिंगलाही रेराची नोंदणी लागते, फक्त इमारतींना नाही. ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही सक्तीचा आहे. तो मोबाइलवर उघडला की मंजूर नकाशापर्यंत पोचता येतं. ब्रोशरमधल्या नकाशाशेजारी ठेवून बघण्यासारखी चीज आहे.

(दृश्य: कमानीबाहेरचा माळ. खांबाला बांधलेली पाटी: 'गुंठेवारी, त्वरित ताबा'.)

बाहेर निम्म्या भावात जमीन मिळत होती. 11 जणांच्या नावानं एक सामाईक सातबारा आणि आपला वाटा त्यात कुठेतरी. 1947 चा तुकडेबंदी कायदा जमिनीच्या अशाच तुकड्यांना आळा घालायला आहे. 2023 मध्ये बहुतेक जिल्ह्यांत बागायतीला किमान 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे अशी मर्यादा ठरली. सवलती अधूनमधून जाहीर होतात. पण घराला कर्ज काढायला गेलं की बँक विचारते, तुमचा स्वतंत्र सातबारा कुठाय? स्वस्त जमीन तिथं महाग पडू लागते. बाबा त्या पाटीसमोर दोनदा थांबले होते, हेही सांगायला हवं.

साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, झालं. खरेदीखताआधी भूमी अभिलेखकडून मोजणी मागवली. तारीख यायला तीन महिने लागले. मोजणीवाल्यांनी खुणा दाखवल्या, तेव्हा उत्तरेचा दगड सव्वा फूट आत रोवलेला निघाला. शेजारच्या 32 नंबरचे गृहस्थ चांगले. त्यांनी स्वतः पहार आणली.

(दृश्य: पुन्हा एप्रिल. भेगाळलेली जमीन.)

खरेदीखत करून आम्ही जागेवर पेढे घेऊन गेलो. 31 च्या चार दगडांना भावानं पांढरा रंग दिला. ऊन तसंच, हत्ती तसेच. खाली 14 नंबरवर नवी फक्की आखलेली होती, खड्डा बुजवून सपाट केला होता. तिथं एक तरुण जोडपं उभं होतं, कडेवर लहान मूल. सेल्सचा मुलगा छत्री धरून होता आणि बोटानं समोरचं गार्डन दाखवत होता.

नवऱ्यानं मागच्या खिशात हात घातला.

आईनं पेढ्यांचा बॉक्स उचलला, चप्पल घातली आणि उतारावरून तिकडे निघाली.