कोच जातो, यादी राहते

जानेवारी २०१३. ग्रीक लीगमध्ये ऑलिंपियाकोस पहिल्या क्रमांकावर, दुसऱ्या संघापेक्षा दहा गुणांनी पुढे, लीगमध्ये एकही पराभव नाही. अशा वेळी अथेन्सला लागून असलेल्या पिरेअस बंदरातल्या या क्लबने आपला प्रशिक्षक लिओनार्दो जार्दिम याला नारळ दिला. जार्दिम म्हणजे कोणी कच्चा माणूस नव्हे. पुढे २०१७ मध्ये याच माणसाने मोनाकोला फ्रेंच लीग जिंकून दिली, आणि तीही पॅरिस सेंट-जर्मेन या बलाढ्य क्लबाच्या नाकावर टिच्चून. इकडे ऑलिंपियाकोसने मिचेल या स्पॅनिश प्रशिक्षकाला आणलं आणि त्या मोसमात लीग आणि कप दोन्ही जिंकले. चार वर्षांनी, मार्च २०१७ मध्ये, पाउलो बेंतोचीही अशीच गच्छंती झाली. तेव्हाही संघ पहिल्या क्रमांकावरच होता.

हे ऐकून आपण लगेच म्हणतो, मालक लहरी आहे. मालक इव्हांगेलोस मारिनाकिस हे जहाजांच्या धंद्यातलं मोठं नाव. क्लब २०१० पासून त्यांच्याकडे आहे. स्वभाव तापट म्हणावा असाच. एप्रिल २०१८ मध्ये संघाच्या खेळाला वैतागून त्यांनी मोसम संपायच्या आधीच खेळाडूंना दंड ठोकून सुट्टीवर धाडलं होतं. पण लहर हे सगळ्याचं उत्तर नाही. ही सवय त्यांच्याहून जुनी आहे, आणि तिचा एक धागा आपल्या किनाऱ्यालाही लागतो.

२०१४ साली एफसी गोवा सुरू झाला तेव्हा त्याचा प्रशिक्षक होता झिको. फातोर्ड्याच्या मैदानाबाहेर उभा राहिलेला तो ब्राझीलचा देवमाणूस तुमच्यापैकी काहींनी डोळ्यांनी पाहिला असेल. तोच झिको सप्टेंबर २००९ मध्ये ऑलिंपियाकोसमध्ये गेला होता. तेमुरी केत्सबाया याला काही महिन्यांतच काढल्यावर त्याच्या जागी याला बसवलं होतं. झिकोच्या हाताखाली संघ चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वात मोठ्या क्लब-स्पर्धेच्या गटातून वर आला, शेवटच्या सोळांत पोचला. आणि ती सोळांतली लढत खेळायच्या आधीच, जानेवारी २०१० मध्ये, झिको घरी. तेव्हा मालक मारिनाकिस नव्हते, सॉक्रेटिस कोक्कालिस होते. त्या वर्षी लीग आणि कप दोन्ही अथेन्सच्या पानाथिनाइकोस या प्रतिस्पर्धी क्लबाने नेले, म्हणजे काढूनही काही साधलं नाही. गोव्याने मात्र याच झिकोला तीन मोसम सांभाळलं. २०१५ ला फायनल, २०१६ ला तळाचा क्रमांक. आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, मोसम तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचा असायचा, हेही खरं, पण पिरेअसमध्ये तेवढेही महिने सुखाने मिळत नाहीत.

मग हे असं का? मला विचाराल तर कारण आहे जुलै महिना.

ग्रीसच्या मोठ्या क्लबांचं खरं वर्ष देशी लीगपासून सुरू होत नाही. ते सुरू होतं युरोपच्या पात्रता फेऱ्यांपासून. या फेऱ्या जुलैच्या मध्याला येतात, म्हणजे इंग्लंड-स्पेनचे संघ सरावाच्या दौऱ्यावर हिंडत असतात तेव्हा. चॅम्पियन्स लीगच्या गटात नुसतं पोचलं तरी दीड कोटी युरोंच्या वर रक्कम मिळायची, ही २०२१ ते २०२४ या काळातली गोष्ट. ग्रीक क्लबासाठी तो जवळजवळ वर्षाचा शिधा. आणि ही लढत खेळायची कोणत्या संघाने? जो अजून विकत घेऊन झालेला नाही त्याने. ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, उघडी आहे, अर्धे खेळाडू यायचेत, अर्धे जायचेत, आणि प्रशिक्षकाची परीक्षा मात्र झालीसुद्धा. २०१६ मध्ये व्हिक्टर सांचेझ जूनमध्ये आला आणि ऑगस्टमध्ये गेला. हापोएल बेर शेव्हा या इस्रायली संघाकडून पात्रता फेरीत दोन सामन्यांत मिळून एका गोलने हरला, एवढंच.

आता २०२२ चा उन्हाळा. हा मी जरा सावकाश सांगणार आहे.

पेद्रो मार्तिन्स चार वर्षं प्रशिक्षक होता. पिरेअसच्या मानाने हे म्हणजे एक युगच. २०२०, २०२१, २०२२, सलग तीन लीग त्याच्या नावावर. जुलैअखेर पात्रता फेरीत मक्काबी हैफाशी गाठ पडली. तिकडे १-१ बरोबरी, आणि २७ जुलैला स्वतःच्या कराइस्काकिस मैदानावर ०-४. काही दिवसांतच मार्तिन्स गेला. १ ऑगस्टला कार्लोस कोर्बेरान आला. त्याने स्लोव्हान ब्रातिस्लाव्हाला पेनल्टींच्या टायब्रेकरवर हरवलं, अपोलॉन लिमासोललाही टायब्रेकरवरच हरवलं आणि निदान युरोपा लीगचं, म्हणजे युरोपातल्या दुसऱ्या पायरीच्या स्पर्धेचं, दार उघडलं. तोवर क्लबच्या कार्यालयात खरेदीचा धडाका सुरू झाला होता. हैफाचा अपमान धुऊन काढायचा होता ना. रियाल माद्रिदमध्ये सगळं काही जिंकलेला मार्सेलो सप्टेंबरच्या सुरुवातीला आला. हामेस रोद्रिगेझ आला. कोरियाचा ह्वांग इन-बॉम आला, सेद्रिक बाकाम्बू आला. ह्वांग उई-जो तर इंग्लंडच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टने विकत घेतला आणि लागलीच लोनवर, म्हणजे उसना, इकडे पाठवला, कारण फॉरेस्टचे मालकही मारिनाकिसच.

यात एक बारकी गोष्ट लक्षात घ्या. त्या वर्षी ग्रीसची विंडो मोठ्या लीगांनंतर बंद झाली. १ सप्टेंबरला इंग्लंड, स्पेन, इटलीची दारं लागली, आणि तिथे ज्यांची सोय लागली नाही ते मोठ्या नावाचे, मोठ्या पगाराचे आणि बऱ्याचदा मोठ्या वयाचे खेळाडू पिरेअसला मिळाले. चाहत्यांना सणच. मार्सेलोचं स्वागत मैदानावर, गर्दीसमोर झालं. पण प्रशिक्षकाच्या दृष्टीने पाहा. लीग सुरू होऊन सामने झालेत, संघाची घडी बसू लागलीय, आणि आता ही वरात दारात. हामेस जाहीर झाला त्याच आठवड्यात, १८ सप्टेंबरला, कोर्बेरानची उचलबांगडी झाली. पन्नास दिवसही भरले नव्हते. मागून आला मिचेल, म्हणजे २०१३ चाच. युरोपा लीगच्या गटात संघ शेवटचा राहिला. फेब्रुवारीत मार्सेलो गेला. एप्रिलमध्ये आधी मिचेल गेला, मग हामेस गेला. जोसे अनिगोने मोसम कसाबसा तडीस नेला. तिसरा क्रमांक.

एका मोसमात चार प्रशिक्षक. वर्तमानपत्रांनी या चौघांवर रकाने भरले. माझं म्हणणं असं की त्या वर्षाचा दोष या चौघांत शोधायचाच नाही. तो खेळाडूंच्या खरेदीच्या त्या यादीत होता. कोणत्या एका माणसाच्या डोक्यातून ती यादी आलीच नव्हती. ती एका रात्रीच्या, ०-४ च्या, रागातून आली होती.

आणि आता उलटी बाजू. जून २०२३ मध्ये दिएगो मार्तिनेझला आणलं. हा स्पॅनिश प्रशिक्षक ग्रनादामुळे ओळखला जातो. डिसेंबरच्या सुरुवातीला त्याला काढलं. मग कार्लोस कार्व्हाल्हाल आला, तो फेब्रुवारीच्या सुरुवातीला गेला. तेव्हा कुणालाही वाटावं, झालं, पुन्हा तोच तमाशा. १९ वर्षांखालील संघाचा प्रशिक्षक सोतिरिस सिलाइदोपुलोस काही दिवस हंगामी म्हणून उभा राहिला. ११ फेब्रुवारी २०२४ रोजी होजे लुईस मेंदिलिबार आला. बास्क माणूस, साठी उलटलेली. फुटबॉल सरळ सांगणारा: चेंडू पुढे न्या, हरवला तर तिथेच हिसकावून घ्या, बाजूने क्रॉस टाका. त्याने काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. मक्काबी तेल अवीवकडून पिरेअसमध्ये १-४ हार, आणि आठवड्याने सर्बियातल्या तटस्थ मैदानावर जादा वेळेत ६-१. फेनरबाचेला इस्तंबूलमध्ये टायब्रेकरवर हरवलं, गोलरक्षक त्झोलाकिसच्या हातांनी. अ‍ॅस्टन व्हिलाला त्यांच्या घरात ४-२, आपल्या घरात २-०. २९ मे रोजी अथेन्समध्येच, पण कट्टर वैरी एईकेच्या मैदानावर, फिओरेन्तिनाविरुद्ध ११६ व्या मिनिटाला हेझेचा क्रॉस, अयूब एल काबीचं डोकं, १-०. कॉन्फरन्स लीग, म्हणजे युरोपातली तिसऱ्या पायरीची स्पर्धा, खिशात. युरोपचा कप जिंकणारा पहिला ग्रीक क्लब.

सगळं श्रेय मेंदिलिबारच्या खात्यात जमा झालं. आता त्या रात्रीचे अकरा जण पुन्हा एकदा वाचा. एल काबी, हेझे, ओर्तेगा, इबोरा, पोदेन्स हे पाच जण २०२३ च्या उन्हाळ्यात आले, मार्तिनेझच्या वेळी. दाविद कार्मो आणि चिकिन्यो जानेवारीत आले, कार्व्हाल्हालच्या वेळी. कार्मो तर ब्रागामध्ये त्याच्याच हाताखाली खेळलेला. मेंदिलिबार आला तेव्हा विंडो बंद होती. त्याने एकही खेळाडू आणलेला नव्हता. भाजी एकाने निवडली, दुसऱ्याने चिरली, फोडणी तिसऱ्याने दिली आणि पंगतीत नाव तिसऱ्याचंच झालं.

एल काबीचीच गोष्ट घ्या. मोरोक्कोचा स्ट्रायकर, तुर्कस्तानात हातायस्पोरकडून खेळत होता. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात ते शहरच कोसळलं, क्लबने लीगमधून माघार घेतली. तो कतारच्या अल साद्दला गेला आणि तिथून त्या उन्हाळ्यात पिरेअसला. त्या वर्षी त्याच्यापेक्षा मोठी नावं युरोपभर विकली गेली. आणि कॉन्फरन्स लीगच्या बाद फेऱ्यांत याने अकरा गोल केले. व्हिला पार्कवर हॅटट्रिक. मार्सेलोच्या स्वागतासारखा गाजावाजा याच्या वेळी झाल्याचं मला आठवत नाही.

मेंदिलिबारला मी कमी लेखतोय असं समजू नका. उलट, दुसऱ्याने भरलेलं घर चालवणं हीच त्याची कला आहे. सेव्हियामध्ये मार्च २०२३ ला तो त्या मोसमातला तिसरा प्रशिक्षक म्हणून गेला. संघ खाली घसरायच्या भीतीत होता, आणि दोन महिन्यांत त्याने युरोपा लीग जिंकली. ऑक्टोबरमध्ये सेव्हियाने त्यालाच काढलं! लागोपाठ दोन वर्षं, दोन क्लब, दोन युरोपीय कप, आणि दोन्ही संघ दुसऱ्यांनी उभे केलेले. असा माणूस उन्हाळ्यात स्वतः यादी करायला बसला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न २०२४ मध्ये रास्त होता. फोर्तुनिस आणि पोदेन्स सौदीला गेले, संघ बदलला, पण त्या उन्हाळ्यात प्रशिक्षक बदलला नाही. २०२४-२५ ला ऑलिंपियाकोसने लीग आणि कप दोन्ही जिंकले.

ग्रीसमध्ये सगळेच असे नाहीत, हे सांगायला हवं. थेसालोनिकीच्या पाओकने रझवान लुचेस्कूवर भरवसा ठेवला. २०१८-१९ ला लीगमध्ये अपराजित राहून दोन्ही किताब, मग तो सौदीला जाऊन परत आला आणि २०२४ ला पुन्हा लीग. पानाथिनाइकोसकडे मात्र बघवत नाही. डिसेंबर २०२३ ते ऑक्टोबर २०२५ एवढ्या काळात इव्हान योव्हानोविच, फातिह तेरिम, दिएगो अलोन्सो, रुई व्हितोरिया आणि राफा बेनितेझ. यात तेरिमला मे २०२४ मध्ये काढलं आणि काही दिवसांनी हंगामी कोंतिसने ग्रीक कप जिंकला. योव्हानोविच राष्ट्रीय संघाकडे गेला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडला २-१ हरवून आला.

जाता जाता पुण्याचा हिशेब. युरो २००४ जिंकणारा ग्रीसचा कोस्तास कात्सुरानिस २०१४ ला एफसी पुणे सिटीकडून बालेवाडीत खेळला. एईके, पानाथिनाइकोस, पाओक, सगळीकडे राहून आलेला गडी. आपल्या लोकांनी त्रेझेगेला पाहायला गर्दी केली. माझी नजर कात्सुरानिसवर असायची.

२०२५ च्या उन्हाळ्यात चित्र वेगळं होतं. ऑलिंपियाकोसला चॅम्पियन्स लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला, जुलैची पात्रता फेरी नाही. खरेदी घाईत झाली नाही. पोदेन्स परत आला, ऑगस्टअखेर इंटरकडून मेहदी तारेमी आला. आणि विक्री पाहा: अठरा वर्षांचा खारालाम्पोस कोस्तुलास ब्रायटनला गेला, सुमारे साडेतीन कोटी युरोंना. हा क्लबच्या स्वतःच्या अकादमीतून वर आलेला पोरगा. त्याच अकादमीच्या संघाने एप्रिल २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या न्यों इथे मिलानला ३-० हरवून युएफाची युथ लीग जिंकली होती, कॉन्फरन्स लीगच्या महिनाभर आधी. त्या संघाचा प्रशिक्षक होता तोच सिलाइदोपुलोस, मघाशी काही दिवसांसाठी हंगामी उभा राहिलेला. २०२५ मध्ये त्यालाही नवी नेमणूक मिळाली, पोर्तुगालच्या रिओ आव्हे क्लबात. रिओ आव्हेचे मालक २०२३ पासून मारिनाकिस आहेत.